शब्दांचा खेळिया

१८७७ सालच्या नाताळात इंग्लंडमधील दोन मुलींना वेळ कसा घालवावा हे सुचेना. त्यांनी आपल्या परिचयाच्या एका गृहस्थांकडे कोडी मागितली. गृहस्थांपाशी तयार कोडी नव्हती. तेव्हा त्यांनी एक नवाच खेळ रचून दिला. हे गृहस्थ ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात गणित शिकवीत असत. त्यांचे नाव चार्ल्स लटविज डॉजसन. जग मात्र त्यांना लुईस कॅरल म्हणून ओळखते.

चार्ल्सचा जन्म २७ जानेवारी १८३२ रोजी चेशर परगण्यातील डेअर्सबरी या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. घरात अकरा भावंडे. त्यांत चार्ल्स तिसरा आणि मुलग्यांत सर्वांत थोरला. १८४३ साली हे कुटुंब यॉर्कशरमधील क्रॉफ्ट या गावी राहावयास गेले. तेथे भावंडांची करमणूक करण्याचे काम चार्ल्सने आपण होऊन अंगावर घेतले. बागेत ढकलगाडीची आगगाडी करावी, ठिकठिकाणी स्टेशने मांडावी आणि प्रवाशांसाठी नियम लिहून काढावेत, यात तो रमून जाई. नियमांवाचून खेळ ही कल्पनाच त्याला मानवत नसे. घरातल्या घरात तो हस्तलिखित मासिकेही काढी.

परंतु एक उणीव त्याला जन्मभर सोसावी लागली. बोलताना तो अडखळत असे. १८४६ ते १८४९ ही वर्षे त्याने रग्बीच्या प्रसिद्ध शाळेत काढली. ती त्याला सुखाची गेली नाहीत. १८५१ च्या जानेवारीत तो ऑक्सफर्डला गेला आणि दोनच दिवसांत आई निवर्तल्याची वार्ता आली. तो घरी परतला. पुढे मात्र त्याने गणितात उत्तम यश मिळविले व १८५५ साली तो त्याच महाविद्यालयात अध्यापक झाला. १८६१ साली डॉजसन यांनी धर्मसेवेची पहिली दीक्षा घेतली. पुढची दीक्षा त्यांनी कधीच घेतली नाही. चारचौघांसमोर वाचताना शब्द ओठांशी येऊन अडे, ही चिंता त्यांना सतत असे.

जिभेवर अडणारा शब्द कागदावर मात्र त्यांच्या हुकमात वागे. त्यांचे टोपणनावसुद्धा एक शब्दकोडेच होते. चार्ल्स लटविज या आपल्या नावांची त्यांनी लॅटिन रूपे केली, त्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा इंग्रजीत आणून १८५६ साली ‘लुईस कॅरल’ हे नाव घेतले. ४ जुलै १८६२ रोजी नौकाविहार करताना त्यांनी तीन लहान बहिणींना एक गोष्ट सांगितली. त्यांपैकी ॲलिसच्या आग्रहाने ती लिहून काढली गेली व १८६५ साली तिचे पुस्तक झाले. या एका पुस्तकाने त्यांची कीर्ती देशोदेशी पसरली.

आता त्या नाताळच्या खेळाकडे वळू. सारख्या अक्षरसंख्येचे दोन शब्द घ्यावयाचे. एका वेळी एकच अक्षर बदलीत पहिल्या शब्दावरून दुसऱ्यावर जावयाचे. पण मधली प्रत्येक पायरी हा खरा इंग्रजी शब्दच असला पाहिजे. ‘हेड’ म्हणजे डोके; त्याचे शेपूट करून दाखवा! ‘हेड’ मध्ये एच, ई, ए, डी ही चार अक्षरे आहेत. शेवटच्या ‘डी’ च्या जागी ‘एल’ घातला की ‘हील’, म्हणजे बरे होणे. ‘एच’ चा ‘टी’ केला की ‘टील’, हे एक बदक. तिसऱ्या ‘ए’ चा ‘एल’ झाला की ‘टेल’, म्हणजे सांगणे. दुसऱ्या ‘ई’ चा ‘ए’ झाला की ‘टॉल’, म्हणजे उंच. शेवटी तिसऱ्या ‘एल’ चा ‘आय’ करताच पुन्हा ‘टेल’ ऐकू येते. पण हे शेपूट!

१८७९ साली ‘व्हॅनिटी फेअर’ या साप्ताहिकात ‘डब्लेट्स’ या नावाने हा खेळ सुरू झाला. कोडी सोडविणारे लोक अनोळखी, अडगळीतले शब्द वापरू लागले. तेव्हा डॉजसन यांनी तीन, चार, पाच व सहा अक्षरांच्या प्रचलित शब्दांची यादीच तयार केली. एवढी खटपट एका खेळासाठी! पण ढकलगाडीच्या आगगाडीलाही ज्याने नियम केले, त्याला ही खटपट वाटली नसावी.

१८८१-८२ च्या सुमारास त्यांनी दोघांसाठी आणखी एक खेळ छापला. एकाने लागोपाठची दोन-तीन अक्षरे सांगावयाची आणि दुसऱ्याने ती त्याच क्रमाने पोटात असलेला शब्द शोधावयाचा. ‘जी’ व ‘पी’ म्हटले तर ‘मॅगपाय’ हा पक्षी. ई, एम, ओ म्हटले तर ‘लेमन’, म्हणजे लिंबू. भावंडांसाठी केलेल्या एका हस्तलिखिताचे ‘मिशमॅश’ हे नाव त्यांनी या खेळाला दिले. बुद्धिबळाच्या पटावर अक्षरे सरकवून शब्द जुळवावेत, अशीही कल्पना १८८० च्या अखेरीस त्यांच्या मनात आली होती. पटावर शब्द जुळविण्याचा स्क्रॅबल हा खेळ अमेरिकेत आल्फ्रेड बट्स यांनी रचला, तो त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने.

१८८१ साली डॉजसन यांनी अध्यापन सोडले, पण महाविद्यालयातील खोल्या सोडल्या नाहीत. १८९७ चा नाताळ त्यांनी गिल्डफर्ड येथे बहिणींच्या घरी घालविला. तेथे ते आजारी पडले आणि १४ जानेवारी १८९८ रोजी त्यांचे निधन झाले. आलेल्या व पाठविलेल्या प्रत्येक पत्राची नोंद ते १८६१ पासून एका वहीत करीत असत. त्यातील शेवटचा क्रमांक ९८,७२१ होता. त्यांपैकी कित्येक पत्रे मुलांना लिहिलेली होती. काही तर आरशासमोर धरल्यावाचून वाचता येत नसत.