शेकडो पक्षी बेटावर हलवणारा रिचर्ड हेन्री, आणि तिथे पोहून आलेला शत्रू

न्यूझीलंडच्या कापिटी बेटावर फिरायला जायचं तर नुसतं तिकीट काढून भागत नाही. परवाना असलेल्या बोटीनेच जावं लागतं, किती लोकांना सोडायचं हे ठरलेलं असतं आणि निघण्याआधी प्रत्येकाला आपली बॅग उघडून तपासावी लागते. आत उंदीर तर लपला नाही ना, यासाठी.

एका उंदराची एवढी धास्ती का? त्यासाठी या बेटाचा जुना राखणदार रिचर्ड हेन्री याची गोष्ट माहीत हवी.

हेन्रीचा जन्म 1845 चा, आयर्लंडमधला. तो लहान असतानाच कुटुंब ऑस्ट्रेलियाला गेलं. तिथल्या आदिवासींच्या संगतीत तो रानात वावरायला शिकला. पुढे न्यूझीलंडला आला आणि 1880 च्या दशकात ते आनाऊ तळ्याकाठी राहू लागला. मिळेल ते काम करायचं, बोटी बांधायच्या आणि पक्षी बघत बसायचं, असा त्याचा दिनक्रम.

वटवाघळं सोडली तर न्यूझीलंडच्या जमिनीवर मूळचे सस्तन प्राणीच नव्हते. त्यामुळे तिथले कित्येक पक्षी उडणंच विसरले. काकापो हा त्यातलाच. घुबडासारख्या तोंडाचा, हिरवा, रात्री फिरणारा पोपट. धोका जाणवला की तो जागच्या जागी थिजतो. वरून नजर ठेवणाऱ्या शिकारी पक्ष्यापुढे ही युक्ती चालते, वासावरून माग काढणाऱ्या प्राण्यापुढे नाही. काकापो दरवर्षी अंडी घालत नाही, हेही हेन्रीच्या लक्षात आलं होतं. म्हणजे संख्या एकदा घटली की भरून यायला वर्षानुवर्षं लागणार.

आणि नेमके तेव्हाच तिथे शिकारी प्राणी सोडले जात होते. बाहेरून आणलेल्या सशांनी मेंढ्यांचा चारा फस्त केला, म्हणून सशांच्या बंदोबस्ताला स्टोट आणि फेरेट आणले गेले. स्टोट म्हणजे मुंगसासारखा लांबुडका, पण त्याहून लहान आणि भलताच चपळ प्राणी. सशापेक्षा न उडणारा पक्षी पकडणं त्याला कितीतरी सोपं.

1891 मध्ये सरकारने नैर्ऋत्य टोकाचं रेझोल्यूशन बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवलं. पण तिथे माणूस नेमायला वेळ लागला. या काळात हेन्री खचला होता. 1893 मध्ये त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला, त्यातून तो वाचला. पुढच्याच वर्षी त्याला राखणदाराची नोकरी मिळाली.

मग सुरू झालं खरं काम. डस्की साउंडमधल्या छोट्याशा पिजन बेटावर त्याने घर बांधलं. तोंडाला मुसकं बांधलेला कुत्रा घेऊन तो मुख्य भूमीवरच्या जंगलात शिरायचा, काकापो आणि किवी शोधायचा, पिंजऱ्यात घालून बोटीने बेटावर नेऊन सोडायचा. हा भाग बारमाही पावसाचा, शेजारपाजार नाही. सहा वर्षांत असे 500 हून अधिक पक्षी त्याने हलवले.

1900 मध्ये बोटीने आलेल्या पर्यटकांनी बेटावर एका पक्ष्यामागे धावणारा प्राणी पाहिला. काही महिन्यांनी हेन्रीने स्वतःच्या डोळ्यांनी स्टोट पाहिला. मधली खाडी सर्वांत अरुंद जागी जेमतेम अर्धा किलोमीटर. स्टोट ती पोहून आला होता.

चूक हेन्रीच्या कल्पनेत नव्हती, अंतरात होती. तरीही तो 1908 पर्यंत तिथेच राहिला, दरम्यान 1903 मध्ये न उडणाऱ्या पक्ष्यांवर पुस्तकही लिहिलं. मग काही वर्षं कापिटीची राखण केली. कापिटी किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटर आत आहे आणि तिथे स्टोट नव्हते.

1929 मध्ये ऑकलंडच्या मनोरुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. अंत्यविधीला आला तो फक्त त्याच्या गावचा पोस्टमास्तर.

1975 मध्ये फिओर्डलँडच्या डोंगरात एक काकापो नर सापडला. त्याचं नाव ठेवलं रिचर्ड हेन्री. 1998 मध्ये त्याला तीन पिल्लं झाली, तेव्हा जगात काकापो साठच्या आसपास होते. आज ते 200 हून जास्त आहेत. त्यातले काही राहतात अँकर बेटावर. हे बेट डस्की साउंडमध्येच, हेन्रीच्या घरापासून जवळ आहे. फरक एवढाच की तिथे पक्षी सोडण्याआधी स्टोट संपवले गेले आणि आता सापळे कायम लावलेले असतात.