कोखर यांनी परत बोलावलेले रुग्ण

ऑपरेशन थिएटरमध्ये दिवसातून दहा वेळा ‘कोचर द्या’ असं ऐकू येतं. टोकाला दात असलेल्या त्या चिमट्याचं नाव एखाद्या मारवाडी आडनावावरून पडलं असावं, असं नव्या विद्यार्थ्याला वाटलं तर नवल नाही. ते आहे स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराचे सर्जन थिओडोर कोखर यांचं. इंग्रजी वळणाने आपण त्यांचा कोचर केला.

कोखर जन्मले १८४१ मध्ये, बर्नमध्येच. १८७२ मध्ये, तिशीतच ते तिथल्या विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. आल्प्सच्या मातीत आयोडीन कमी, त्यामुळे त्या भागात गलगंड फार. गाठ वाढून श्वासनलिका दाबली गेली की रुग्ण गुदमरायचा आणि ऑपरेशन करावं तर रक्तस्रावाने किंवा जखम सडून जायचा. कोखर यांनी लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत उचलली. तेव्हा सर्जनचा मोठेपणा वेगावर मोजत. हे मात्र एकेक रक्तवाहिनी बांधत सावकाश काम करायचे. रुग्ण वाचू लागले. हात इतका बसला की त्यांना अख्खी थायरॉइड ग्रंथी काढता येऊ लागली. ही ग्रंथी शरीरात असते कशासाठी, हे मात्र तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

१८८२ मध्ये जिनिव्हाचे सर्जन रेव्हरडँ यांनी, ग्रंथी काढलेले काही रुग्ण पुढे विचित्र आजारी पडतात, असं त्यांच्या कानावर घातलं. कोखर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना तपासणीसाठी बोलावणी धाडली. पूर्ण ग्रंथी काढलेले अठरा जण आले. त्यातल्या सोळा जणांचे चेहरे सुजलेले, हातपाय थंड आणि जड, बोलणं संथ, चार पावलं टाकायचीही ताकद नाही. १८७४ मध्ये ऑपरेशन झालेल्या एका मुलीची धाकटी बहीण पूर्वी हुबेहूब तिच्यासारखी दिसायची. आता धाकटी उंच, तरतरीत तरुणी झाली होती आणि थोरली खुरटून, मंदबुद्धी होऊन बसली होती.

जखमा सगळ्यांच्या उत्तम भरल्या होत्या. कोखर गप्प राहिले असते तरी त्यांना कुणी जाब विचारला नसता. १८८३ मध्ये बर्लिनच्या सर्जन परिषदेत त्यांनी हे सगळं मांडलं आणि साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणं थांबवलं. कारण मात्र त्यांनी चुकीचं लावलं. श्वासनलिकेला इजा होऊन प्राणवायू कमी पडतो, असं त्यांना वाटलं. खरं कारण थायरॉइडच्या संप्रेरकाचा अभाव, हे पुढच्या काही वर्षांत उलगडलं. १९०९ चं नोबेल त्यांना मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले सर्जन.

थायरॉइडच्या कर्करोगात आज पुष्कळदा पूर्ण ग्रंथी काढावी लागते, पण थायरॉक्सिनची गोळी हाताशी आहे. बहुतेक रुग्ण पुढे कित्येक वर्षं जगतात. तरी गोळी घेऊन, रक्ताचा अहवाल ठीक असूनही, अनेक जण थकव्याची तक्रार करतात. व्यायामावरच्या संशोधनाचा ओघ आता इकडेही वळला आहे. नियमित चालणं आणि हलके ताकदीचे व्यायाम यांनी थकवा उतरतो, मनही हलकं होतं, असं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे.

व्यायामाने हा कर्करोग टळतो का, याचं उत्तर मात्र अभ्यासागणिक बदलतं. त्याचं एक कारण मजेशीर आहे. व्यायाम करणारी माणसं तब्येतीला जपणारी. ती तपासण्याही जास्त करून घेतात आणि सोनोग्राफीत कधीच त्रास न देणाऱ्या बारीक गाठीही सापडतात. दक्षिण कोरियात अशा तपासण्या वाढल्या तेव्हा १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कर्करोगाचं निदान पंधरा पटींनी वाढलं. मृत्यूंचं प्रमाण जवळपास होतं तेवढंच राहिलं. लठ्ठपणाशी असलेला संबंध त्या मानाने अधिक ठळक आहे.

ऑपरेशन झालेल्यांनी डॉक्टरांना विचारून रोजच्या चालण्याने सुरुवात करावी. गोळीचा डोस मुद्दाम जास्त ठेवला असेल आणि छातीत धडधडत असेल, तर जोराचा व्यायाम आधी दाखवल्याशिवाय नको.

कोखर यांनी आयुष्यात पाच हजारांहून जास्त थायरॉइड ऑपरेशनं केली आणि त्यातल्या मृत्यूंचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आणलं. २७ जुलै १९१७ रोजी, बर्नमध्येच, ते गेले. पाच वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये आयोडीनयुक्त मीठ आलं आणि तिथला गलगंड हळूहळू ओसरत गेला.