निफाडचे विद्यार्थी माधवराव

ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत संतांचीं व धर्मगुरूंचीं चरित्रें वाचावयास मिळतील अशी वाचकांची अपेक्षा असणार, आणि ती रास्तच आहे. तथापि निफाडविषयीं लिहावयास बसलों असतां या गांवीं जन्मलेल्या एका थोर पुरुषाला वगळून पुढें जाणें आम्हांस प्रशस्त वाटेना. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे हे ख्रिस्ती नव्हते. प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ म्हणून त्यांची ख्याति झाली. त्यांचें सार्वजनिक कार्य सर्वश्रुत असल्यामुळें तें सगळें येथें पुन्हां सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पण आमच्या घरांतील मुलें-मुली आज नाशिक, पुणें, मुंबई येथील कॉलेजांत जातात. त्यांच्याकरितां माधवरावांच्या विद्यार्थिदशेची हकीकत तेवढी येथें देण्याचें योजिलें आहे.

माधवरावांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजीं निफाड येथें झाला. वडील गोविंदराव हे त्या वेळीं तेथें मामलेदार कचेरींत हेडकारकून होते. पुढें त्यांना कोल्हापूर संस्थानांत नोकरी मिळाली व कुटुंब तिकडे निघालें. त्या प्रवासांतील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. रात्रीची वेळ, गाडींतील मंडळींना झोप लागलेली, आणि अडीच वर्षांचें मूल बैलगाडींतून खालीं रस्त्यावर घरंगळलें. गाडी पुढें निघून गेली, कोणास पत्ताही नाहीं! सुदैवानें चुलते मागून घोड्यावरून येत होते. अंधारांत मुलाची हांक त्यांच्या कानीं पडली, त्यांनीं त्याला उचलून घेतलें आणि आईच्या स्वाधीन केलें. हें मूल लहानपणीं बोलण्यांत मंद होतें, व हें पुढें काय करणार अशी आईला काळजी लागून राहिली होती. आईबापांचे अंदाज किती चुकतात, हें आम्हीं येथें विस्तारानें सांगावयास नको.

कोल्हापुरास मराठी व इंग्रजी शाळा झाल्यावर, वयाच्या चौदाव्या वर्षीं, माधवराव मुंबईस एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें आले. बोरघाटांतून आगगाडी १८६३ मध्यें सुरू झाली. तत्पूर्वीं देशावरच्या मुलाला मुंबई म्हणजे परमुलुखच होता. लग्न मात्र त्याआधींच झालेलें होतें! त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबांत बारा-तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याला संसार असे, ही गोष्ट आजच्या मुलांना खरीही वाटणार नाहीं.

१८५७ मध्यें मुंबई युनिव्हर्सिटी स्थापन झाली. आज त्या नांवाबरोबर राजाबाई टॉवर डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु तो मनोरा पुरा झाला १८७८ मध्यें. माधवरावांच्या वेळीं युनिव्हर्सिटीला स्वतःचें घर नव्हतें. तिचें कामकाज टाउन हॉलमध्यें चाले. लंडन युनिव्हर्सिटीच्या नमुन्यावर ही संस्था उभारली होती. तिनें स्वतः शिकवावयाचें नाहीं, फक्त परीक्षा घ्यावयाच्या व पदव्या द्यावयाच्या. शिकविण्याचें काम कॉलेजांनीं करावयाचें. या नमुन्याचा एक गुण कॅथलिक वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावा. ऑक्सफर्ड येथें १८५४ पर्यंत इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट राजधर्माच्या कलमांवर सही केल्यावांचून विद्यार्थ्याला प्रवेशच नसे, व त्यामुळें आमच्या धर्माच्या तरुणांना तें द्वार बंद होतें. मुंबईच्या युनिव्हर्सिटीनें मात्र आरंभापासून कोणाचाही धर्म विचारला नाहीं. हिंदु, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती सगळ्यांस एकच परीक्षा. या युनिव्हर्सिटीच्या उभारणींत स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांचा मोठा वांटा होता, व पुढें ते तिचे व्हाइस-चॅन्सेलरही झाले. येशूसंघाच्या धर्मगुरूंचें सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्यें निघालें. तोंवर माधवरावांचें शिक्षण पुरें झालेलें होतें.

ही युनिव्हर्सिटी किती लहान होती! १८५९ मधील पहिल्या मॅट्रिक्युलेशन परीक्षेस शंभरांवर मुलें बसलीं, त्यांपैकीं विसांच्या आसपास उतरलीं. त्यांत माधवराव एक. १८६२ च्या पहिल्या बी. ए. परीक्षेंत तर चौघेच उत्तीर्ण झाले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. मुंबई इलाख्याचे पदवीधर म्हणजे एका बांकावर बसतील एवढे! प्रोफेसर प्रत्येकाला नांवानें ओळखीत, प्रत्येकाचा निबंध स्वतः वाचीत. ही जवळीक सुखाची असते तशी अडचणीचीही असते, हें माधवरावांना लवकरच कळून आलें.

त्या वेळीं एल्फिन्स्टनमध्यें सर अलेक्झांडर ग्रँट हे गृहस्थ होते. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरील त्यांच्या ग्रंथाची इंग्लंडांत मोठी प्रतिष्ठा होती. माधवरावांवर त्यांचा लोभ होता आणि माधवरावांची त्यांच्यावर भक्ति. एका निबंधांत माधवरावांनीं मराठ्यांच्या राज्याची व इंग्रजांच्या राज्याची तुलना केली, आणि तींत इंग्रजी राज्य उणें ठरविलें. पेशवाई बुडून तेव्हां पुरतीं पन्नास वर्षेंही झालीं नव्हतीं, आणि सत्तावन सालचा उठाव तर कालपरवांचाच. ग्रँटसाहेबांनीं मुलास बोलावून घेतलें. जें सरकार तुम्हांला शिकवीत आहे त्याची निंदा करणें योग्य नव्हे, अशा आशयाची कानउघाडणी केली, आणि त्याची शिष्यवृत्ति सहा महिने बंद ठेवली.

सहा महिन्यांची शिष्यवृत्ति ही मुंबईंत परगांवच्या विद्यार्थ्याला लहान गोष्ट नव्हे. खानावळीचे पैसे, तेल, पुस्तकें हीं त्यांतूनच भागावयाचीं. या शिक्षेविषयीं आम्हांस काय वाटतें, तें स्पष्ट सांगावयास हरकत नाहीं : ती अन्यायाची होती. ज्या गुरूनें विचार करावयास शिकविलें त्यानेंच विचार केल्याबद्दल दंड केला. परंतु लक्षांत ठेवण्याजोगें आहे तें शिष्याचें वर्तन. माधवरावांनीं आपलें मत मागें घेतलें नाहीं, आणि गुरूविषयीं मनांत अढीही धरली नाहीं. ग्रँटसाहेबांचें नांव ते पुढेंही आदरानेंच घेत. या दोन गोष्टी एकाच माणसांत क्वचितच एकत्र आढळतात.

वाचनाचा व्यासंग तर असा कीं, त्यापायीं डोळे गेल्यांत जमा झाले. इतिहास व अर्थशास्त्र हे त्यांचे आवडते विषय. नेमलेल्या पुस्तकांवर त्यांचें कधींच भागलें नाहीं. रात्र-रात्र चाललेल्या त्या वाचनानें दृष्टि कायमची अधू झाली, व पुढील सारें आयुष्य त्यांना दुसऱ्यांकडून वाचून घ्यावें लागलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं या बाबतींत मात्र त्यांचें अनुकरण करूं नये. १८६४ मध्यें ते एम. ए. झाले, १८६६ मध्यें एल्एल्. बी. झाले. मधल्या काळांत ते दक्षिणा फेलो होते, म्हणजे स्वतः शिकत असतांनाच खालच्या वर्गांस शिकवीत. ही दक्षिणा मूळची पेशव्यांची. श्रावणमासीं विद्वान् ब्राह्मणांना ते जी वांटीत, तिच्या निधीचा कांहीं भाग इंग्रज सरकारनें या फेलोशिपांकडे वळविला होता. त्याच सुमारास ते इंदुप्रकाश पत्राची इंग्रजी बाजूही संभाळीत होते.

पुढील चरित्र थोडक्यांत सांगतों. एल्फिन्स्टन कॉलेजांत त्यांनीं कांहीं वर्षें प्रोफेसरी केली, व १८७१ पासून ते न्यायखात्यांत स्थिर झाले. १८७८ मध्यें त्यांची बदली पुण्याहून नाशिकास झाली, म्हणजे जन्मगांवापासून हाकेच्या अंतरावर ते पुन्हां आले. १८७३ मध्यें त्यांचा दुसरा विवाह झाला होता. पत्नी रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांस अक्षरओळखही नव्हती. विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्यानें कुमारिकेशीं लग्न करावें यावर त्या वेळीं बरीच टीका झाली, व ती निराधार होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु त्यांनीं रमाबाईंना स्वतः शिकविण्यास आरंभ केला, प्रथम मराठी, मग इंग्रजी, आणि कालांतरानें त्याच त्यांना वर्तमानपत्रें वाचून दाखवूं लागल्या. डोळ्यांचें तें दुखणें असें घरांतील एका विद्यार्थिनीच्या उपयोगीं पडलें.

ख्रिस्ती लोकांशीं त्यांचे संबंध मोकळे होते. १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एक व्याख्यान झालें व नंतर मंडळींपुढें चहाचे पेले आले. उपस्थितांत रानडे होते, टिळकही होते. त्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापलीं गेलीं आणि पुण्यांत मोठें वादळ उठलें. अखेर १८९२ मध्यें माधवरावांनीं प्रायश्चित्त घेतलें. आपल्यामुळें स्नेह्यांना व कुटुंबीयांना त्रास होऊं नये हा त्यांचा हेतु होता. सुधारक मित्र यामुळें फार नाराज झाले. निबंधाची शिक्षा ज्या शांतपणें घेतली त्याच शांतपणें हीही घेतली. पण पहिल्या वेळीं त्यांनीं केवळ आपला तोटा सोसला होता, आणि दुसऱ्या वेळीं आपल्या मताचा कांहीं अंशही सोडला, असें आमचें नम्र मत आहे.

१८९३ मध्यें ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, आणि १९०० मध्यें मराठ्यांच्या सत्तेचा उदय हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. मराठ्यांचें राज्य ही लुटारूंची अकस्मात् झालेली सरशी नव्हती, तिच्यामागें संतांनीं जागृत केलेला समाज होता, असें त्यांत त्यांनीं प्रतिपादन केलें. संतांच्या या चळवळीची तुलना ते युरोपांतील प्रॉटेस्टंट चळवळीशीं करतात. त्या घडामोडीविषयीं आमचें मत अर्थातच वेगळें आहे. परंतु सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं ज्या विषयावर लिहिल्याबद्दल मुलाची शिष्यवृत्ति थांबली होती, त्याच विषयावर हा ग्रंथ हायकोर्टाच्या न्यायाधीशानें लिहिला, आणि या वेळीं त्याला बोलावून घेणारें कोणी नव्हतें.

त्यांचें शेवटचें भांडणही युनिव्हर्सिटीशींच होतें. तिच्या आरंभींच्या परीक्षांत मराठी भाषेस जागा होती, ती पुढें काढून घेण्यांत आली. ती परत मिळावी म्हणून माधवरावांनीं सिनेटमध्यें वर्षानुवर्षें खटपट केली. १६ जानेवारी १९०१ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. एकुणसाठावें वर्ष पुरें होण्यास दोन दिवस उरले होते. एम. ए. च्या परीक्षेंत मराठीला स्थान मिळालें तें याच सुमारास.