मैदानातला धीर, घरातला हिशोब

मैत्रिणींनो, एक कोडं घालते. सगळ्यात जास्त सामने जिंकणारा मॅनेजर आणि सगळ्यात जास्त सामने हरणारा मॅनेजर, हे दोघं एकच असू शकतात का? अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये आहेत. त्यांचं नाव कॉनी मॅक. ३७३१ सामने जिंकले, ३९४८ हरले. दोन्ही आकडे आजही कुणाला गाठता आलेले नाहीत. जिंकण्याच्या यादीत त्यांच्या मागे जो दुसरा आहे, तोसुद्धा आठशेहून जास्त सामने मागे आहे.

बेसबॉल आपल्याकडे फारसा कुणी बघत नाही, त्यामुळे थोडं सांगायला हवं. आपल्या गोलंदाजासारखा तिथे पिचर असतो आणि विकेटकीपरच्या जागी कॅचर. आणि मॅनेजर म्हणजे टीमचं सामान आणि तिकिटं बघणारा माणूस नव्हे. कोण खेळणार, कोण बाहेर बसणार, कुठल्या पिचरला कधी थांबवायचं, हे सगळं तो ठरवतो. मॅक हे काम त्रेपन्न वर्षं करत होते. त्यातली पन्नास वर्षं एकाच टीमबरोबर, फिलाडेल्फिया अॅथलेटिक्सबरोबर.

त्यांचं खरं नाव कॉर्नेलियस मॅकगिलिकडी. स्कोअरबोर्डवर मावेना म्हणून नाव छोटं केलं, अशी गोष्ट सांगतात, पण ती नुसतीच गोष्ट. त्या घराला गावात आधीपासून मॅकच म्हणत. २२ डिसेंबर १८६२ ला मॅसेच्युसेट्स राज्यातल्या ईस्ट ब्रुकफील्ड गावात त्याचा जन्म झाला. आईवडील आयर्लंडहून आलेले. घरची ओढाताण. नऊ वर्षांचा असल्यापासून पोरगा शाळेच्या सुट्टीत कापडगिरणीत कामाला जायचा. पुढे शाळा सुटली आणि बुटांच्या कारखान्यात कायमचा चिकटला. काठीसारखा उंच, हडकुळा. संध्याकाळी गावच्या टीममध्ये बेसबॉल.

१८८४ साली कनेक्टिकटमधल्या मेरिडन गावच्या टीमने त्याला पगारावर घेतलं. त्या काळी खेळाडू म्हणजे दारू, जुगार आणि मारामाऱ्या, अशीच समजूत होती, आणि ती फार चुकीचीही नव्हती. आई मेरी हिला काळजी. तिने दारूला शिवणार नाही असं वचन त्याच्याकडून घेतलं आणि मगच जाऊ दिलं, असं सांगतात. ही आई लक्षात ठेवा, पुढे तिचं काम मोठं आहे.

खेळाडू म्हणून मॅक कसा होता? खरं सांगायचं तर बेताचा. वॉशिंग्टन, बफेलो, पिट्सबर्ग अशा तीन टीमा फिरला. अकरा वर्षांत ७२३ सामने, होमरन फक्त पाच. शंभर वेळा बॅट घेऊन उभा राहिला तर चोवीस-पंचवीस वेळाच धड फटका बसायचा. मात्र कॅचर म्हणून डोकं तल्लख. बाकीचे कॅचर लांब उभे राहायचे, तेव्हा हा फलंदाजाच्या अगदी मागे येऊन उभा राहणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक. थोडा लबाडही होता. फलंदाज बॅट फिरवताना हळूच तिला धक्का द्यायचा. चेंडू बॅटला निसटता लागल्यासारखा आवाज काढून पंचाला फसवायचा.

१८९० साली खेळाडूंनी मालकांविरुद्ध बंड केलं आणि स्वतःची लीग काढली. मॅकने साठवलेले पाचशे डॉलर त्यात घातले. लीग एका वर्षात बुडाली, पैसेही बुडाले. तोवर त्याचं लग्न झालेलं होतं. १८८७ साली मार्गारेट होगनशी. दोन मुलगे झाले, रॉय आणि अर्ल. मग १८९२ मध्ये मुलगी झाली, आणि त्या बाळंतपणानंतर त्याच डिसेंबरात मार्गारेट गेली.

तिशीचा विधुर, तीन लहान मुलं, त्यातलं एक तान्हं. आणि नोकरी अशी, की उन्हाळाभर रेल्वेतून गावोगाव फिरायचं, हॉटेलात राहायचं. अशा वेळी काय होतं ते आपल्याला सांगायला नको. आजी पुढे आली. मेरीने एकदा आपली मुलं वाढवली होती, आता मुलाची तीन पोरं पदराखाली घेतली. ती होती म्हणून मॅक पुन्हा गाडीत बसू शकला. पुढच्या वर्षी समोरचा खेळाडू अंगावर घसरत आला आणि मॅकचा पाय मोडला. तेव्हापासून त्याचं खेळणं मंदावलं. बेसबॉलच्या पुस्तकांत त्या मोडलेल्या पायाबद्दल भरपूर लिहिलेलं सापडतं. आजीच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी एखादं वाक्य येतं.

१८९४ मध्ये पिट्सबर्गने त्याला मॅनेजर केलं आणि १८९६ मध्ये काढूनही टाकलं. मग मिलवॉकीत चार वर्षं एका दुय्यम लीगमध्ये काढली. तीच लीग वाढून अमेरिकन लीग झाली आणि १९०१ मध्ये फिलाडेल्फियात नवी टीम उभी करायचं काम मॅककडे आलं. खेळाचं सामान बनवणारे बेन शाइब हे मुख्य मालक. मॅक यांना मॅनेजरपद आणि मालकीत चौथा हिस्सा. इथून पुढे त्यांना अहोजाहोच करायला हवं, कारण त्यांचे खेळाडूही त्यांना मिस्टर मॅकच म्हणत.

बाकीचे मॅनेजर खेळाडूंसारखा गणवेश घालून मैदानात उतरत, पंचांशी भांडत, शिव्या देत. मिस्टर मॅक काळसर सूट, कडक इस्त्रीची उंच कॉलर, टाय आणि हॅट घालून बाकावर बसत. हातात गुंडाळलेलं स्कोअरकार्ड. ते डावीकडे हललं की क्षेत्ररक्षक डावीकडे सरकत, उजवीकडे हललं की उजवीकडे. कुणी चूक केली तर चारचौघांत बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी बाजूला घेऊन, शांतपणे सांगायचं.

१९०२ मध्ये न्यूयॉर्कचे मॅनेजर जॉन मॅकग्रॉ यांनी खवचटपणे म्हटलं, की फिलाडेल्फियाच्या मालकांनी पांढरा हत्ती पोसायला घेतलाय. पांढरा हत्ती म्हणजे काय ते आपल्या भाषेतही सगळ्यांना माहीत आहे. मॅक रागावले नाहीत. त्यांनी पांढरा हत्ती हेच टीमचं चिन्ह करून टाकलं आणि त्याच वर्षी अमेरिकन लीग जिंकून दाखवली.

त्यांचा धीर बघायचा तर रूब वॉडेलचं उदाहरण घ्यावं. डावखुरा पिचर, चेंडू असा की भल्याभल्यांची भंबेरी उडे. पण माणूस लहान मुलासारखा. आगीचा बंब दिसला की त्याच्या मागे पळायचा. दारू प्यायचा, दिवसेंदिवस गायब व्हायचा. इतरांनी त्याला कंटाळून सोडून दिलं होतं. मॅक यांनी त्याला सांभाळलं, समजावलं, शोधून आणलं. १९०४ मध्ये त्याच वॉडेलने ३४९ फलंदाज बाद केले. सहा वर्षांनी मात्र त्यांचेही हात टेकले आणि त्यांनी त्याला दुसरीकडे पाठवलं.

१९१०, १९११ आणि १९१३ मध्ये अॅथलेटिक्सने वर्ल्ड सिरीज जिंकली. १९१४ मध्ये अंतिम फेरीत चारच्या चार सामने हरले. त्याच सुमारास एक नवी लीग आली होती आणि ती खेळाडूंना भरमसाट पगार देऊ करत होती. मॅक यांना तेवढं परवडेना. टीमची कमाई म्हणजे फक्त तिकिटं. त्यातही पेनसिल्व्हेनियात रविवारी सामना भरवायला कायद्याने बंदी. कामगार माणसाला सुट्टी रविवारची, आणि त्याच दिवशी मैदान बंद. ही बंदी उठून रविवारचे सामने सुरू व्हायला १९३४ उजाडलं.

मग त्यांनी एकेक मोहरा विकला. १९१५ मध्ये १०९ सामने हरले. १९१६ मध्ये १५४ सामन्यांपैकी ११७. सलग सात वर्षं टीम शेवटच्या नंबरावर. दुसऱ्या कुठल्याही मॅनेजरला हाकललं असतं. मॅक स्वतः मालकीत होते म्हणून टिकले, हेही खरं. पण ते नुसते टिकून राहिले नाहीत. रोज सूट घालून येत राहिले, कोवळी पोरं शोधत राहिले, आणि दहा-बारा वर्षं खपून पुन्हा एक टीम बांधली.

१९२९ ची वर्ल्ड सिरीज. मॅक सहासष्ट वर्षांचे. टीममध्ये हॉवर्ड एम्की नावाचा पस्तीस वर्षांचा पिचर होता, खांदा दुखावलेला, वर्षभरात फारसा न खेळलेला. मॅक त्याला निरोप द्यायच्या विचारात होते. आपल्यात एक सामना अजून शिल्लक आहे, असं त्याने त्यांना सांगितलं. मॅक यांनी गुपचूप त्याला शिकागोच्या फलंदाजांचा खेळ बघून ठेवायला पाठवलं आणि सिरीजच्या पहिल्याच सामन्यात, सगळे नामवंत पिचर बाजूला ठेवून, चेंडू त्याच्या हातात दिला. बघणारे चक्रावले. एम्कीने त्या दिवशी तेरा फलंदाज बाद केले. वर्ल्ड सिरीजमधला तो तेव्हाचा विक्रम. ती सिरीज अॅथलेटिक्सने जिंकली, पुढच्या वर्षीचीही.

पण १९२९ च्या त्याच ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला होता. मंदी आली, लोकांकडे तिकिटाला पैसे उरले नाहीत. मॅक यांनी दुसऱ्यांदा आपली सोन्यासारखी टीम विकली. १९३२ ते १९३५ या काळात सिमन्स, कॉक्रेन, ग्रोव्ह, फॉक्स सगळे गेले. या वेळी मात्र तिसरी टीम बांधता आली नाही.

आता घरात डोकावू. १९१० मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, मॅक यांनी कॅथरीन हॅलहनशी दुसरं लग्न केलं. तिला चार मुली आणि एक मुलगा झाला, कॉनी ज्युनियर. म्हणजे दोन्ही संसारांची मिळून आठ मुलं, तीन मुलगे आणि पाच मुली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मॅक ऐंशी ओलांडून गेले होते. क्लबमधल्या आपल्या शेअरची वाटणी करायची वेळ आली. त्यांनी ते तीन मुलग्यांना द्यायचं ठरवलं. कॅथरीनचं म्हणणं होतं, मुलींनाही सारखा वाटा हवा. मॅक ऐकेनात. आणि ही बाई, छत्तीस वर्षांच्या संसारानंतर, त्यांच्यापासून वेगळी राहिली! काही महिन्यांनी समेट झाला, पण त्या काही महिन्यांनी ती काय सांगत होती ते उघड होतं. चारचौघांत कुणाचा अपमान न करणारा, एम्कीला शेवटची संधी देणारा, वॉडेलला शोधून आणणारा हा माणूस. त्याला आपल्याच लेकींकडे बघताना त्या वाटेकरी आहेत हे दिसलं नाही. तान्ह्या नातीसह तीन मुलं वाढवणारी आजीही कुठल्या कागदावर नव्हतीच.

डोळ्यांसमोर असून न दिसलेलं आणखीही काही होतं. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून खेळायला उतरला आणि गोऱ्यांच्या लीगचं दार कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी उघडलं. मॅक मॅनेजर होते तोवर अॅथलेटिक्सकडून एकही कृष्णवर्णीय खेळाडू उतरला नाही. पहिला उतरला १९५३ मध्ये. ज्याची नजर खेडोपाडी फिरून पोरं हेरत होती, तो आपल्याच शहरातल्या कृष्णवर्णीय टीमांमधल्या गुणी खेळाडूंना घ्यायला तयार झाला नाही.

मुलग्यांचं पुढे काय झालं? थोरले दोघं एकीकडे, धाकटा दुसरीकडे. १९५० मध्ये रॉय आणि अर्ल यांनी धाकट्याचा आणि शाइब मंडळींचा हिस्सा विकत घेतला. त्यासाठी एका विमा कंपनीकडून साडेसतरा लाख डॉलरचं कर्ज काढलं, स्टेडियम गहाण टाकून. त्याच वर्षी ऑक्टोबरात सत्त्याऐंशी वर्षांच्या वडिलांनी मॅनेजरपद सोडलं. कर्जाचे हप्ते, रिकामी स्टँड, भावांची भांडणं. १९५४ मध्ये क्लब विकावा लागला आणि नव्या मालकाने टीम उचलून कॅन्सस सिटीला नेली. मुलींना वाटा मिळाला असता तर क्लब वाचला असता, असं काही मी म्हणणार नाही. कुणी सांगावं? पण मुलगेच सांभाळतील, या हिशोबाची किंमत चार वर्षांत कळली.

८ फेब्रुवारी १९५६ ला फिलाडेल्फियात मॅक वारले. वय त्र्याण्णव. स्टेडियमला त्यांचं नाव दिलेलं होतं, ते १९७६ मध्ये पाडलं. टीम पुढे १९६८ मध्ये ओकलंडला गेली आणि २०२४ नंतर तिथूनही हलली. इतक्या गावांचं पाणी प्यायली, पण मॅक यांनी टोमण्यातून उचललेला पांढरा हत्ती तिच्याबरोबर फिरत राहिला.

एखाद्या मोठ्या माणसाबद्दल वाचताना जिंकलेले आणि हरलेले सामने आपण मोजतो. मॅक यांच्या बाबतीत तर ते मोजायला फार सोपे आहेत. पण १८९२ च्या हिवाळ्यात त्या तीन पोरांना आजीने घेतलं नसतं, तर यातला एकही आकडा लिहिला गेला नसता. आणि म्हातारपणी घराबाहेर पडून लेकींसाठी भांडणारी कॅथरीन त्या दिवशी हरली असेल, पण ती मागत होती ते चूक नव्हतं. तुमच्या घरात वाटणीचा कागद होईल तेव्हा तिची आठवण जरूर काढा.