शून्यामागची विहीर

भारतातल्या एका खेड्यात कॉलऱ्याची साथ येऊन गेली. गावात घरे 223. त्यांपैकी 168 घरांत एकही रुग्ण नव्हता. 32 घरांत एकेक, 16 घरांत दोन-दोन, 6 घरांत तीन-तीन आणि एका घरात चार, असे एकूण 86 रुग्ण. साथ ओसरली की असे तक्ते वर पाठवले जातात आणि फायलीत जाऊन बसतात. सरकारी रुग्णालयात नोकरी केलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको. या तक्त्याचे नशीब निराळे होते. 1926 मध्ये अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक या डॉक्टरांनी तो एडिंबराच्या गणित मंडळाच्या नियतकालिकात मांडला आणि संख्याशास्त्रात तो आजही शिकवला जातो.

मॅकेंड्रिक यांचा जन्म 1876 मधला, एडिंबराचा. वडील ग्लासगो विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. मुलगाही तिथेच डॉक्टर झाला आणि 1901 मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आला. त्याच सुमारास रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर तो आफ्रिकेत सिएरा लिओनला हिवतापाच्या मोहिमेवर गेला. डासांतून हिवताप पसरतो हे सिद्ध करणारे रॉस गणिताचेही वेडे होते. साथींचे गणित मांडता येते, हा नाद त्यांनी या तरुण डॉक्टरला लावला. गणिताची पदवी नसताना मॅकेंड्रिक यांनी तो जन्मभर जोपासला.

त्यांच्या भारतातल्या नोकरीचा मोठा काळ कसौलीच्या पाश्चर संस्थेत गेला. पिसाळलेले कुत्रे चावलेल्यांना तिथे लस मिळे. पुढे ते त्या संस्थेचे संचालक झाले. 1920 मध्ये प्रकृती ढासळल्याने त्यांना मायदेशी परतावे लागले. तिथे एडिंबराच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि भारतातले आकडे पुन्हा टेबलावर आले.

आता त्या तक्त्याकडे वळू. 223 घरांत 86 रुग्ण, म्हणजे घरामागे सरासरी 0.39. तुरळक घटना निव्वळ योगायोगाने घडत असतील तर त्या कशा विखुरतात, हे सांगणारा प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाचा नियम आहे. साऱ्या घरांना धोका सारखाच असता, तर या नियमाने सुमारे 152 घरे रुग्णाविना राहिली असती, 58 घरांत एकेक रुग्ण निघाला असता आणि तीन रुग्णांचे घर एखाद-दुसरेच सापडले असते. प्रत्यक्षात रिकामी घरे जास्त, एका रुग्णाची घरे फारच कमी आणि तीन रुग्णांची तब्बल सहा.

मॅकेंड्रिक यांनी मग जे केले ते कागदावर अगदी साधे दिसते. त्यांनी 168 हा आकडा झाकून ठेवला आणि ज्या 55 घरांत रोग शिरला होता तेवढीच पाहिली. 32, 16, 6, 1 या उतरत्या आकड्यांना स्वतःची एक लय आहे. तीच लय उलटी चालवत शून्यापर्यंत गेले, तर धोक्यातली एकूण घरे भरतात सुमारे 93. त्यांतली 37 केवळ नशिबाने सुटलेली. उरलेल्या 131 घरांवर ही साथ बहुधा आलीच नव्हती. यावरून त्यांनी काढलेला अंदाज असा: रोग पाण्यातून पसरला असावा, गावात विहिरी अनेक असाव्यात आणि ही 93 घरे दूषित झालेल्या एकाच विहिरीचे पाणी पीत असावीत. घरांचा नकाशा नाही, पाण्याचा नमुना नाही, हाती फक्त पाच आकडे!

मॅकेंड्रिक यांचे नाव झाले ते मात्र पुढच्या वर्षीच्या कामामुळे. प्रयोगशाळेतल्या स्फोटात 1924 मध्ये दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ विल्यम कर्मॅक हे त्यांचे सहकारी. साथ का चढते आणि सगळे आजारी पडण्याआधीच का उतरते, याची समीकरणे दोघांनी 1927 मध्ये मांडली. ती ताडून पाहायला त्यांनी आकडे घेतले ते आपल्या मुंबईचे, 1905-06 च्या प्लेगमधल्या आठवड्यागणिक मृत्यूंचे. वक्ररेषा छान जुळली. मुंबईचा प्लेग उंदरांच्या पिसवांतून पसरत होता, त्यामुळे माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या रोगाचे गणित त्याला काटेकोर लागू पडत नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. कोविडच्या काळात रोज दाखवल्या जाणाऱ्या आलेखांमागे याच समीकरणांचा वंश होता.

मला स्वतःला कॉलऱ्याचा तक्ता अधिक मोलाचा वाटतो. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकिटवाडी, धायरी या भागात गिलाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि संशय पाण्यावर गेला. तिथल्याही बहुतेक घरांत रुग्ण नव्हता. पण संशयित पाणी पिऊनही वाचलेले घर आणि ते पाणी कधीच न प्यायलेले घर ही दोन्ही यादीत एकाच शून्याखाली येतात. दोघांची एकच सरासरी काढली, तर खरोखर धोक्यात असलेल्या घरांचा धोका आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

अशा दुहेरी शून्यांसाठी डायान लँबर्ट यांनी 1992 मध्ये कारखान्यातल्या सदोष जोडकामाच्या आकड्यांवर एक प्रारूप मांडले. सहलींची मागणी मोजणारे अर्थतज्ज्ञही अशी प्रारूपे वापरतात. वर्षभरात सिंहगडावर किती वेळा गेलात, असे पुणेकरांना विचारले तर बरीच उत्तरे शून्य येतील. त्यात एखादा यंदा गुडघा दुखावलेला नेहमीचा गडकरी असेल, तर दुसऱ्याला गड चढण्यात कधीच रस नसेल. वाट सुधारली तर पहिला येईल, दुसरा नाही. किती लोकांसाठी सोय करायची हे ठरवताना हा फरक खर्चाचा असतो.

कुत्रा चावूनही रेबीज न झालेल्यांतही असेच दोन गट दडलेले असतात: लसीने वाचलेले आणि मुळात न पिसाळलेले कुत्रे चावलेले. राष्ट्रसंघासाठी मॅकेंड्रिक देशोदेशींच्या पाश्चर संस्थांचे आकडे तपासत होते. 1941 मध्ये ते निवृत्त झाले आणि 1943 मध्ये त्यांचे निधन झाले. ते आकडे तपासण्याचे काम त्यांनी निवृत्तीच्या आदल्या वर्षापर्यंत चालवले होते.