माणसांना जाणून घेणाऱ्या इरावतीबाई

विद्यार्थ्यांनो, महाराष्ट्राच्या नकाशात सातारा जिल्हा शोधा. त्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या डोंगररांगांत, निळ्या रंगाचा एक लांबट पट्टा दिसेल. तो कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आहे. कोयना नदी महाबळेश्वरजवळ उगम पावते आणि कराडला कृष्णेला मिळते. तेच पाणी पुढे सांगलीकडे वाहत जाते. 1964 साली हे धरण पूर्ण झाले. त्याच्या विजेने घरोघरी दिवे लागले, कारखाने चालू झाले.

पण त्या पाण्याखाली पूर्वी काय होते? तिथे गावे होती, शेते होती. तिथली माणसे कुठे गेली? त्यांचे पुढे काय झाले? हे प्रश्न घेऊन एक विदुषी त्या माणसांपर्यंत पोहोचली. तिचे नाव डॉ. इरावती कर्वे.

इरावतीबाई मानवशास्त्राच्या अभ्यासक होत्या. मानवशास्त्र म्हणजे माणसाचा अभ्यास करणारे शास्त्र. उर्दूत त्याला 'बशरियात' म्हणतात. माणसाचे शरीर, त्याचे कुटुंब, चालीरीती, भाषा, श्रद्धा या सर्वांचा विचार हे शास्त्र करते.

इरावतीबाईंचा जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये झाला. तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. वयाच्या सातव्या वर्षी त्या शिक्षणासाठी पुण्याला आल्या व हुजूरपागा शाळेच्या वसतिगृहात राहू लागल्या. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांच्या घरी त्या मुलीसारख्या वाढल्या. 1926 साली त्यांनी तत्त्वज्ञान विषय घेऊन पदवी मिळवली. नंतर मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला.

त्यांचे लग्न दिनकर कर्वे यांच्याशी झाले. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. सासरे होते महर्षी धोंडो केशव कर्वे. स्त्रीशिक्षणासाठी त्यांनी आयुष्य वेचले होते. तरीही सुनेने जर्मनीला शिकायला जावे, हे त्यांना पसंत नव्हते. पतीने मात्र साथ दिली. 1928 साली इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

तिथे त्यांची खरी परीक्षा झाली. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे नावाजलेले प्राध्यापक होते. गोरे युरोपीय लोक इतरांपेक्षा अधिक बुद्धिमान असतात आणि हे त्यांच्या कवटीच्या आकारावरून दिसते, असे त्यांचे मत होते. हे तपासण्याचे काम त्यांनी इरावतीबाईंना दिले. इरावतीबाईंनी 149 कवट्या काळजीपूर्वक मोजल्या. आकडे मांडले, पुन्हा पाहिले. कवटीच्या दोन बाजूंमधला फरक आणि माणसाचा वंश यांचा काही संबंध त्यांना आढळला नाही.

आता काय करायचे? परका देश, हाती थोडे पैसे आणि पदवी गुरूंच्या हाती. गुरूंना आवडेल असे लिहिणे सोपे होते. पण इरावतीबाईंनी जे आढळले तेच लिहिले. फिशर यांनी गुण कमी दिले, तरी 1930 साली डॉक्टरेटची पदवी मिळाली. 1933 साली जर्मनीत नाझी राजवट आली. फिशर यांच्यासारख्या विद्वानांच्या मतांचा आधार घेऊन त्या राजवटीने असंख्य लोकांवर भयंकर अत्याचार केले. यावरून त्या प्रामाणिक मोजणीचे मोल तुमच्या ध्यानात येईल.

भारतात परतल्यावर काही वर्षांनी, 1939 साली, इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये शिकवू लागल्या. पण त्यांचे मन खोलीत रमणारे नव्हते. त्या प्रांतोप्रांती, खेडोपाडी हिंडल्या आणि लोकांना त्यांच्या नात्यागोत्यांविषयी विचारत राहिल्या. तुम्ही घरी मामूंजाद, फूफीजाद म्हणता. मराठीत मामेभाऊ, आतेभाऊ म्हणतात. हे शब्द आपण सहज वापरतो. पण त्यांतून समाजाच्या रीती कळतात. महाराष्ट्रात अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. उत्तर भारतातील बहुतेक हिंदू समाजांत असे लग्न चालत नाही. अशा अनेक गोष्टी जुळवून त्यांनी भारतातील नातेव्यवस्थेवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. तो 1953 साली प्रसिद्ध झाला. महाभारतातील व्यक्तींवर लिहिलेल्या 'युगान्त' या त्यांच्या मराठी पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आळंदीहून पंढरपूरला जाणारी पालखी सातारा जिल्ह्यातील लोणंद, फलटण या गावांवरून जाते. इरावतीबाई या वारीत पायी चालल्या. भजन सर्वजण मिळून करतात, पण जेवताना जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसतात, हे त्यांनी पाहिले. त्यांना ते खटकले. त्या स्वतः दुसऱ्या जातीच्या बायकांबरोबर जेवल्या. मग त्या बायका मोकळेपणाने बोलू लागल्या आणि शेवटी त्यांना ताई म्हणू लागल्या. माणसाला जाणून घ्यायचे तर आधी त्याच्याजवळ बसावे लागते.

कोयनेचे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरीस केले. धरणामुळे उठलेल्या लोकांची त्यांनी व त्यांच्या कन्या जाई निंबकर यांनी पाहणी केली. तिचा अहवाल 1969 साली प्रसिद्ध झाला. धरणाची उंची इंजिनिअर मोजतो. पण घर सोडलेल्या माणसाला जमीन मिळाली का, भाऊबंद एकाच ठिकाणी राहिले का, हेही कोणीतरी विचारले पाहिजे. त्या काळी राज्यात पुनर्वसनाचा वेगळा कायदा नव्हता. तो 1976 साली झाला. कोयनेचे लोक तर पुढेही कित्येक वर्षे आपला हक्क मागत राहिले.

11 ऑगस्ट 1970 रोजी इरावतीबाईंचे निधन झाले.

मुलांनो, हे शास्त्र तुम्हांलाही शिकता येईल. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात मानवशास्त्राचा विभाग आहे. तो सुरू करण्यात इरावतीबाईंचा मोठा वाटा होता. हा विषय शिकलेले लोक महाविद्यालयांत शिकवतात, वस्तुसंग्रहालयांत काम करतात. 1945 साली स्थापन झालेल्या भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण या सरकारी संस्थेत ते संशोधन करतात. आदिवासी विकास, सार्वजनिक आरोग्य आणि पुनर्वसन या कामांतही त्यांची गरज असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेलाही हा विषय घेता येतो.

पण सुरुवात करायला विद्यापीठाची वाट पाहायला नको. तुमच्या मोहल्ल्यातील सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. त्यांचे घराणे कोणत्या गावाहून आले, का आले, ते विचारा. ते जे सांगतील ते वहीत जसेच्या तसे लिहा. आपल्याला जे ऐकायला आवडेल ते मात्र लिहू नका.