विश्लेषण : एल्फिन्स्टन नेमके कोणते? कॉलेजचे वेगळे, स्थानकाचे वेगळे

प्रभादेवी स्थानक २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड होते. शिवाय काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेज. दोन्ही नावे एकाच साहेबाची, असा अनेकांचा समज. प्रत्यक्षात कॉलेज काकाचे, स्थानक पुतण्याचे.

आडनाव आले कुठून?

एडिंबरोच्या पूर्वेला, ट्रॅनेंटजवळ एल्फिन्स्टन नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या जमीनदार घराण्याने गावाचेच नाव लावले. आपल्याकडे 'कर' लावतात तसे. शेवटच्या 'टन'चा अर्थ वस्ती, दगड नव्हे. आडनाव स्कॉटलंडमध्येही दुर्मीळच. पण लॉर्ड हा किताब थोरल्याला मिळे, धाकट्यांना नोकरी शोधावी लागे. त्यातले काही ईस्ट इंडिया कंपनीत शिरले आणि हे नाव भारतात पोहोचले.

पेशवाई बुडवणारे एल्फिन्स्टन

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (जन्म १७७९) हे ११ व्या लॉर्डचे चौथे चिरंजीव. १७९६ मध्ये, सोळाव्या वर्षी ते कोलकात्यात उतरले. नागपूरनंतर १८११ मध्ये पुण्याचे रेसिडेंट झाले. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. त्या दिवशी पेशव्यांच्या फौजेने संगमावरची रेसिडेन्सी जाळली, त्यात त्यांची पुस्तके आणि कागदपत्रेही गेली. पुढच्याच वर्षी पेशवाई संपली.

त्यानंतर त्यांनी साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना बसवले, अनेकांची इनामे चालू ठेवली. यात औदार्य कमी, हिशेब जास्त होता; सरदार बिथरले तर नवे राज्य टिकणे कठीण होते. पेशव्यांच्या दक्षिणेच्या पैशातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली.

१८१९ ते १८२७ ते मुंबईचे गव्हर्नर होते. ते परत निघाले तेव्हा मुंबईकरांनी इंग्रजी शिक्षणासाठी दोन लाखांहून अधिक रुपयांची वर्गणी काढली. कॉलेजचे मूळ या निधीत आहे, सरकारी तिजोरीत नाही. दादाभाई नौरोजी, न्या. रानडे, डॉ. आंबेडकर तिथेच शिकले. पुढे गव्हर्नर जनरलपद दोनदा नाकारून ते इंग्लंडमध्येच राहिले, भारताचा इतिहास लिहिला. १८५९ मध्ये सरे परगण्यात त्यांचे निधन झाले.

स्थानकाचे एल्फिन्स्टन

ते १३ वे लॉर्ड जॉन, माउंटस्टुअर्ट यांचे पुतणे. १८५३ ते १८६० या काळात, म्हणजे १८५७ च्या उठावातही, मुंबईचे गव्हर्नर. आजचे हॉर्निमन सर्कलही पूर्वी यांच्याच नावाने एल्फिन्स्टन सर्कल होते.